धानाभोवतीची तार

हरिसिंग राठोडनं वावरात धान पेरलं तेव्हा पिवळदरा तांड्यातली माणसं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून हसली होती. धान म्हणजे भंडारा-गोंदियाकडचं पीक. बायका गुडघाभर चिखलात वाकून लावतात, ते. इथं केळापूर तालुक्यात, कापूस-तुरीच्या मुलखात, उताराच्या मुरमाड जमिनीवर ज्वारीसारखं तिफणीनं धान पेरायचं, ना पाणी अडवणारी बांधी ना चिखल, हे कोणाच्या पचनी पडत नव्हतं.

"मॅडम, याले पानी कोन पाजनार?" एकानं विचारलं होतं.

"पाऊस," उर्वशी म्हणाली होती. "पावसावर जे जगंल तेच पाह्यजे आमाले."

उर्वशी संशोधन केंद्रात क्षेत्र सहायक होती. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याची मुलगी, वय सव्वीस, नोकरीला तीन वर्षं झालेली. केंद्रानं धानाचे सोळा सुधारित वाण तिच्या हवाली केले होते. पाणी न साचवता, वरकस जमिनीवर यातला कोणता तग धरतो, कोणता कधी फुलतो, कोणता करपा रोगाला बळी पडतो, कोणता वाऱ्यानं लोळतो, हे सगळं मोजायचं. सोळा नवे, तुलनेला दोन जुने, आणि प्रत्येक वाण तीन वेगळ्या जागी, म्हणजे चौपन्न वाफे झाले. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी एक खुंटी, खुंटीला पत्र्याची पट्टी, पट्टीवर नंबर. वाफ्यावाफ्यांमधून सुतळ्या ताणलेल्या. त्या सुतळ्या ओलांडत फिरायची उर्वशीला इतकी सवय झाली होती, की पाय आपसूक उचलला जायचा.

मागच्या वर्षी याच वावरात घात झाला होता. कापणी अकरा दिवसांवर आली असताना एका रात्रीत रानडुकरांचा कळप शिरला आणि निम्म्याहून जास्त वाफे नांगरल्यासारखे उलथून गेला. केंद्रावरचे साहेब फार बोलले नाहीत. "या वर्षीही गेलं तर ही जागा यादीतून काढावी लागेल," एवढंच म्हणाले. उर्वशीनं ते हरिसिंगला सांगितलं होतं. साठीचा, गुडघ्यानं अधू झालेला, शब्दाला पक्का माणूस. प्रयोगाला जमीन द्यायला सगळा तांडा नको म्हणत असताना तोच एकटा पुढे आला होता.

"काका, काहीबी करा," ती म्हणाली होती, "पन या वर्षी डुक्कर आत आलं नाही पाह्यजे."

बोलली आणि विसरून गेली. हरिसिंग विसरला नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला कापणीचा दिवस ठरला. एरवी उर्वशी पांढरकवड्याहून एसटीनं नऊपर्यंत पोचायची. त्या दिवशी तिनं मैत्रिणीची स्कूटी मागून घेतली आणि सहालाच निघाली. बायका कापायला बसण्याआधी चौपन्न पट्ट्या पुन्हा एकदा तपासायच्या होत्या; एका वाफ्याची पेंढी दुसऱ्याच्या नंबराखाली गेली तर वर्षाची मेहनत पाण्यात. आदल्या संध्याकाळी तिनं कांताबाईला फोन करून बायकांनाही लवकर बोलावलं होतं. कांताबाई तांड्याशेजारच्या वस्तीतली, कापणीच्या टोळीची म्होरकी. "साडेसातले येतो आमी," ती म्हणाली होती. हरिसिंगला मात्र हा बदल कोणी कळवला नाही.

पावणेसातला उर्वशी पोचली. स्कूटी रस्त्याकडेला लावली आणि पश्चिमेच्या धुऱ्यावरून आत उतरली. दव इतकं पडलं होतं की चार पावलांत पँट गुडघ्यापर्यंत भिजली. धुऱ्याशी एक नवी खुंटी दिसली, तिच्यापलीकडे दुसरी, दोन्हींमधून काहीतरी ताणलेलं. आपल्याच सुतळ्यांपैकी एक असेल असं समजून तिनं पाय उचलला आणि ओलांडून गेली.

धान झकास पिकलं होतं. कलत्या लोंब्या, पिवळ्याजर्द, दवानं जड झालेल्या. सातव्या नंबरचा वाण तर पाहत राहावा असा. ती पट्ट्या वाचत, वहीत खुणा करत वरच्या बाजूनं खाली येत गेली. पहिले अठरा झाले, दुसरे अठरा झाले. तिसऱ्या भागात, उताराच्या टोकाला, दोन वाफ्यांमधलं धान दबलेलं दिसलं. शिरलीच शेवटी डुकरं.

ती जवळ गेली. डुक्कर तिथंच होतं.

मोठा नर. आडवा पडलेला, चारही पाय ताठ, जबडा उघडा. तिला वाटलं झोपलंय, आणि ती जागीच थिजली. मग डोळा दिसला, उघडा, त्यावर मुंग्या. कुठं जखम नाही, गोळी नाही, रक्त नाही. फक्त नाकाडावर एक काळी, सरळ, करपलेली रेघ. केस जळाल्याचा वास येत होता.

त्या रेघेपासून तिची नजर खाली गेली. डुकराच्या मानेखालून बारीक चकचकीत तार गवतात गेली होती. जमिनीपासून वीतभर उंचीवर. एका बांबूच्या खुंटीला गुंडाळून पुढच्या खुंटीला, तिथून त्यापुढच्या. ती नजरेनं तारेमागं जात राहिली. पूर्वेचा धुरा. वळून दक्षिणेचा. मग पश्चिमेचा, जिथून ती आत आली होती.

मघाशी ओलांडली ती सुतळी नव्हती.

तारेचं एक टोक उत्तरेकडं, प्रेमसिंगच्या विहिरीकडं गेलं होतं. प्रेमसिंग म्हणजे हरिसिंगचा चुलतभाऊ. त्याची मोटारीची पेटी वावरापासून शंभरेक पावलांवर होती. चार दिवस तो सासुरवाडीला गेला होता, हे तिला ठाऊक होतं. आणि अशी तार कशासाठी लावतात हेही ठाऊक होतं. तालुक्यात दर वर्षी कोणीतरी अशा तारेवर जातं. कधी राखणीला निघालेला माणूस, कधी गाईमागं गेलेली बाई. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते.

आपण जिवंत आहोत म्हणजे तारेत आत्ता वीज नाही, असा विचार तिनं नेटानं केला. शेतीच्या विजेची, लाइनीची, या आठवड्यात रात्रपाळी होती, सकाळी आठपर्यंत. रात्री कधीतरी लाइन गेली असणार; मोटार बंद होती, पाइपातून पाणी येत नव्हतं. लाइन नाही तर करंट नाही. म्हणजे निघायचं, लगेच निघायचं.

ती पश्चिमेच्या धुऱ्याकडं चालत गेली. पळायचं होतं, पण पाय पळेनात. तारेपासून हातभर अंतरावर ती थांबली. आता तार स्पष्ट दिसत होती, दवाचे थेंब तिच्यावर ओळीनं लटकलेले. मघाशी हिच्यावरून आपली ओली पँट किती बोटांवरून गेली असेल, असं मनात आलं. तिनं श्वास घेतला. उजवा पाय उचलला.

विहिरीकडं खट् असा आवाज झाला आणि मोटार सुरू झाली.

मोटार ऑटोवर होती. लाइन आली की आपोआप चालू. आधी भुणभुण, मग घरघर, मग पाइपाच्या तोंडातून भसकन पाणी. तोवर उर्वशी मागं कोसळली होती, पाठीवर, धानात. तो पाय तारेवरून गेला नाही कसा, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. तारेला चिकटलेलं गवताचं पातं चट् चट् वाजत होतं. तिकडं डुकराच्या बाजूनं एक हलकी, सततची चरचर येऊ लागली, आणि जळका वास वाढला.

तिनं खिशातून फोन काढला. दोनदा भलताच नंबर लागला. हरिसिंगच्या फोनची घंटी वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग तिनं बाबांना लावला.

तिचे वडील धर्मपाल लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षं वायरमन होते. सत्तर किलोमीटरवर बसून ते काय करणार, हा विचारही तिच्या मनात आला नाही.

"बाबा, मी तारेच्या आत हावो."

"कोन्त्या तारेच्या?"

तिनं तुटक तुटक सांगितलं. मग बाबा बोलले ते एकदम हळू, कामावर एखाद्या पोराला खांबावरून उतरवताना बोलायचे तसे.

"बेटा, उभी हायस का बसली?"

"पडली होती. उठली आता."

"पाय जोड. दोन्ही पाय एकमेकाले चिकटव. चिकटवले?"

"हो."

"जमीन ओली हाय, मातीतूनबी करंट येतो. पाय फाकवून चालू नको. सरकायचं असंल तर पाय जोडून, टाच न उचलता, इंच इंच सरक. तारेपासून किती दूर हायस?"

"चार हात असंल."

"अजून सरक मांगं. दहा-बारा हात. धानाले तार कुठं टेकली असंल तिकडं जाऊ नको. आन् कोनीबी हात देला तरी घेऊ नको. समजलं? लाइन बंद झाल्याबिगर कोनाचा हात घ्यायचा नाही."

"समजलं."

"मी सबस्टेशनचा नंबर काढतो. तू फोन चालू ठेव."

उर्वशी सरकू लागली. ओल्या मातीत बूट घासत, इंचाइंचानं, पाठीमागं न पाहता. लोंब्या हातांना लागत होत्या आणि प्रत्येक लोंबीच्या स्पर्शानं अंगावर काटा येत होता. दहा हात सरकायला किती वेळ लागला तिला कळलं नाही. वावराच्या मधोमध येऊन ती उभी राहिली, हात छातीशी आवळून. चारी बाजूंनी ती चकचकीत रेघ होती.

आणि पूर्वेकडून, प्रेमसिंगच्या कपाशीतून, बायका वर येताना दिसल्या.

पाच जणी. पुढं कांताबाई, डोक्यावर पाण्याची कळशी, हातात विळा. मागच्या चौघी बोलत, हसत. लुगडी दवात भिजू नयेत म्हणून खोचलेली, पोटऱ्या उघड्या, पायात काही नाही. त्यांची वाट सरळ पूर्वेच्या धुऱ्यावर येत होती. डुक्कर पडलं होतं त्याच्या जवळच.

"बाबा, बाया येऊन राह्यल्या," उर्वशी म्हणाली.

"थांबव त्याईले."

"थांबाऽ" ती ओरडली. "कांताबाई, थांबाऽ"

मोटारीची घरघर मध्ये होती आणि वारा तिच्याकडंच वाहत होता. कांताबाईनं मान वर केली. उर्वशीनं दोन्ही हात हवेत हलवले, मागं जा, मागं जा. कांताबाईनं विळ्याचा हात उंचावून उत्तर दिलं. मागं वळून बायकांना काहीतरी बोलली. मॅडम वाट पाहून राह्यली, चला पाय उचला, असंच काहीतरी असणार, कारण पाची जणी झपाझप चालू लागल्या.

"तार हाय. करंट हाय," उर्वशी ओरडत होती. घसा फाटला. शब्द तिकडं पोचतच नव्हते. पोचलेच तर नुसता आवाज पोचत होता, आणि आवाज ऐकून त्या अजून लगबगीनं येत होत्या. साठ पावलं. पन्नास.

"बाबा, ऐकू येत नाही त्याईले."

"कसंबी कर," बाबांचा आवाज आता पहिल्यांदा हलला. "कसंबी करून थांबव, बेटा."

तेव्हा तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो तिनं ठरवून काढला नव्हता.

"वाघ," ती किंचाळली. "वाघ. वाघ. वाघऽ"

या तालुक्यात तो शब्द पुरा ऐकू यावा लागत नाही. ओठांच्या हालचालीवरून कळतो. मागच्याच महिन्यात शेजारच्या शिवारात दोन गोऱ्हे गेले होते. कपाशीत बायका एकट्यानं जात नव्हत्या. कांताबाई जागच्या जागी थबकली. कळशी डोक्यावरून खाली आली, फुटली नाही, घरंगळत गेली. उर्वशीनं डुकराच्या दिशेनं बोट दाखवलं, तिथलं धान दबलेलं होतं, आणि तेवढं पुरलं. पाची जणी वळल्या आणि कपाशी तुडवत तांड्याकडं पळत सुटल्या. एकीनंही मागं पाहिलं नाही.

उर्वशीला हुंदका आला. बाबा फोनवर विचारत होते, काय झालं, काय झालं. "गेल्या," ती म्हणाली. "गेल्या परत."

पण आपण काय केलंय हे पुढच्या क्षणी तिच्या ध्यानात आलं. बायका तांड्यात काय सांगतील? वाघ आलाय. मॅडम एकटी आत आहे. मग तांडा काय करील?

त्याचं उत्तर यायला पाच-सहा मिनिटं लागली असतील. आधी थाळ्या वाजवल्याचा आवाज आला, मग आरोळ्या. कपाशीच्या वरून काठ्यांची टोकं दिसू लागली, एका काठीला पेटता बोळा. पंधरा-वीस माणसं. वाघावर जाताना माणूस पसरून चालतो, तशी ती पसरून येत होती, म्हणजे तारेच्या पुऱ्या लांबीवर. आणि सगळ्यांच्या पुढं, माणसांना मागं टाकून, एक बाई धावत होती. हंसाबाई. हरिसिंगची बायको. गेल्या दोन पावसाळ्यांत उर्वशीला तिनं भाकरीशिवाय कधी परत पाठवलं नव्हतं. उर्वशी तिला याडी म्हणायची, तांड्यातल्या पोरी आईला म्हणतात तसं. हंसाबाईच्या हातात मुसळ होतं.

"याडी, येऊ नको," उर्वशी ओरडली. "वाघ नाही. तार हाय. तार."

हंसाबाईला फक्त पोरीचं ओरडणं ऐकू येत होतं. पोरगी जिवाच्या आकांतानं ओरडतेय म्हणजे जनावर जवळ आहे. ती आणखी जोरात धावू लागली. थाळ्यांच्या आवाजात मोटारही ऐकू येईना. उर्वशीला वाटलं आपण डोळे मिटावेत. मिटले नाहीत. तिनं पाहिलं, माणसांच्या अगदी मागं, गुडघा ओढत, एका हातानं मांडी दाबत हरिसिंग येत होता. त्यानं एकदा विहिरीकडं पाहिलं, पाइपातून पडणाऱ्या पाण्याकडं. एकदा बायकोकडं. तो उभा राहिला.

त्या एका क्षणात त्याच्या मनात काय आलं असेल ते उर्वशीनं नंतर पुष्कळदा ताडून पाहिलं. त्या माणसांत सरपंचाचा भाऊ होता. वनरक्षकाला फोन गेला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंड उघडलं तर तार कोणाची हे वीस जणांसमोर ठरणार होतं. पण तो क्षण फार लांबला नाही. हरिसिंगनं हातातली काठी टाकली, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि गोरबोलीत, तांड्याच्या बंजारा बोलीत, अशी हाक मारली, की थाळ्या वाजायच्या थांबल्या. बायकोला तो नावानं कधी हाक मारत नसे. त्या दिवशी मारली. हंसा, थांब. तार मी लावलीय. करंट आहे. पाऊल टाकशील तर मरशील.

हंसाबाई थांबली. तिच्या उजव्या पायाचा अंगठा आणि तार यांत दोन वीत अंतर होतं. तिनं खाली पाहिलं, तारेवरच्या दवाकडं, मग चरचरणाऱ्या डुकराकडं. मुसळ हातातच होतं. ती तशीच, वळायलाही न धजता, उभी राहिली.

"हालू नको," हरिसिंग आता साध्या आवाजात म्हणाला. "कोनीच हालू नका. मी जातो."

तो विहिरीकडं गेला. शंभर पावलं, त्या गुडघ्यानं. त्याच्या पायांत प्लास्टिकची चप्पल होती आणि पेटीखालची जमीन पाइपाच्या पाण्यानं भिजली होती. उर्वशी तिथूनच ओरडली, "काका, सुकं लाकूड घ्या, हात लावू नका." त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. कुंपणातली वाळकी फांदी उपसून त्यानं पेटीला अडकवलेला तारेचा आकडा उडवला. ठिणगी पडली. मग हात लांबवून, चेहरा वळवून, पेटीचा खटका खाली ओढला. मोटार घरघरत मंद झाली आणि थांबली.

इतकी शांतता पडली की लोंब्यांवरून दव गळताना ऐकू येत होतं.

"बाबा, बंद झाली," उर्वशी म्हणाली.

"डोळ्यानं पाह्यलं? आकडा निघाला?"

"पाह्यलं."

"तरी तारेले हात लावू नको. लाकडानं दाब, मंग ये."

तिला येता आलंच नाही. पाय जोडलेले होते ते सुटेनात. शेवटी दोन माणसांनी बांबूनं तार जमिनीला दाबून धरली आणि हंसाबाई आत आली. उर्वशीच्या कमरेभोवती हात घालून तिनं तिला एक पाऊल टाकायला लावलं, मग दुसरं. धुऱ्यावर आल्यावर उर्वशी खाली बसली आणि तिला उलटी झाली. हंसाबाई तिची पाठ चोळत होती आणि नवऱ्याकडं एकदाही पाहत नव्हती.

हरिसिंग थोडा लांब उकिडवा बसला होता.

"लाइन राती दोन वाजताच गेलती," तो कोणाला उद्देशून नव्हे असं म्हणाला. "मले वाटलं आता सकाळलोक येत नाही. रोज तर पाहाटीच काढतो आकडा. आज गुडघा लई दुखून राह्यला होता. म्हनलं, मॅडम नऊले येते, बाया आठले येते. जाईन सातच्या पुढं. फोन खाटीवरच राह्यला."

"कायले लावली, काका?" उर्वशीनं विचारलं.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच ती तिला सोसवेना.

"तुमीच म्हनलं होतं ना," तो म्हणाला. "काहीबी करा म्हनून."

वनरक्षक आला तो वाघासाठी. त्याला ठसे दाखवायला कोणी पुढं झालं नाही. त्यानं डुक्कर पाहिलं, तार पाहिली, मोजमाप घेतलं, पंचनामा लिहिला. वाघ म्हणून कोण ओरडलं, त्यानं विचारलं. उर्वशीनं हात वर केला आणि सगळं सांगितलं. हरिसिंगला आपण काय म्हटलं होतं तेही. वनरक्षकानं पेन थांबवलं.

"हे लिहू का?"

"लिहा," ती म्हणाली.

केंद्रावर साहेबांना फोन केला तेव्हा तिचा आवाज थाऱ्यावर नव्हता. तार, करंट, डुक्कर, एवढं ऐकून त्यांनी विचारलं, "तिसऱ्या भागातले वाफे वाचले का?" मग स्वतःच चपापून म्हणाले, "माफ कर. तू बरी आहेस ना? काम राहू दे आजचं."

कापणी दोन दिवसांनी झाली. तारेचं वेटोळं जप्त होऊन गेलं होतं, खुंट्या उपटल्या होत्या, तरी पाची जणी धुऱ्यावर विळे घेऊन उभ्याच राहिल्या.

"तू आंदी जा, मॅडम," कांताबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "मंग आमी येतो."

उर्वशी गेली. काही नाही हे ठाऊक असताना प्रत्येक पाऊल टाकण्याआधी तिचा श्वास अडत होता. सातव्या वाफ्याशी ती वळून उभी राहिली, तेव्हा बायका एकीमागं एक, तिच्याच पावलांच्या खुणांवर पाय ठेवत आत आल्या. दिवसभर कोणी गाणं म्हटलं नाही. पेंढ्या बांधल्या, चिठ्ठ्या लावल्या, झोडपून दाणे पोत्यांत भरले. डुकराखाली दबलेले दोन वाफे उर्वशीनं वहीत रद्द लिहिले आणि रद्द का, तेही एका ओळीत लिहिलं. साहेबांनी अहवालात ती ओळ तशीच ठेवली. पुढच्या हंगामासाठी केंद्रानं सौर झटका मशीन मंजूर केलं, जनावराला नुसता चटका देऊन परतवणारं, आणि ते बसवल्याशिवाय खुंटीसुद्धा ठोकायची नाही असं लेखी कळवलं.

हरिसिंगवर गुन्हा दाखल झाला. दोन दिवसांनी जामीन मिळाला. हंसाबाई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, तोंड फिरवून.

फेब्रुवारीत पांढरकवड्याच्या कोर्टात तारीख होती. उर्वशीला साक्षीला बोलावलं होतं. रात्री तिला झोप लागली नव्हती. मोटार सुरू झाल्याचा तो खट् आवाज अजूनही तिला झोपेतून उठवत असे, आणि घरात कोणी दिव्याचं बटण दाबलं तरी अंग आक्रसत असे. व्हरांड्यातल्या बाकावर हरिसिंग बसला होता, धुतलेलं धोतर, डोक्याला लाल फेटा. शेजारी हंसाबाई, मांडीवर डब्याची पिशवी. तिनं सरकून उर्वशीला जागा केली.

मग हरिसिंगनं विचारलं, "निकाल आला का धानाचा?"

"आला, काका."

"काय आला?"

"सोळातले दोन टिकले. सात नंबर आन् तेरा नंबर. बिनपान्याचे, एकरी नऊ क्विंटलवर गेले. या मुरमात. साहेबांले खरं वाटेना, दुसऱ्यांदा वजन करायले लावलं."

हरिसिंगनं मान हलवली, दोन-तीनदा. हातांकडं पाहिलं.

"वावर घ्या या सालीबी," तो म्हणाला. "मी धुऱ्यावर येनार नाही. हे पाहील," आणि त्यानं हंसाबाईकडं मान वळवली. "हिले पटलं तर."

हंसाबाईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्याच्यापुढं धरली. तो पाणी पीत होता तेवढ्यात दाराशी शिपायानं त्याच्या नावाचा पुकारा केला.